चित्रपटगीतांतील न बोललेले बोल



गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. विषय निवडण्याची मोकळीक आपण मला दिली होती. मी चित्रपटगीतांवर बोलणार असे कळवले, तेव्हा माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, ‘‘गुरुजींच्या व्याख्यानाला सिनेमा?’’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर गुरुजींच्याच एका आठवणीने द्यावे, असे मला वाटते.

आमच्या विद्यार्थिदशेत सिनेमा पाहणे हा घरी आणि शाळेत सारखाच गुन्हा होता. एखादा मुलगा आदल्या रात्री थिएटरात दिसल्याची वार्ता आली, की दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याला वर्गात उभे करीत. छडी मात्र निघत नसे. ते आधी गोष्ट सांगायला लावीत आणि मग चार प्रश्न विचारीत. गाणे कोण म्हणते? कोणाला उद्देशून म्हणते? काय म्हणते? आणि ते त्याच वेळी का म्हणते? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आम्ही धडाधड देत असू. चौथ्याला हमखास अडखळत असू. मग गुरुजी म्हणत, ‘‘म्हणजे तुझे पैसे फुकट गेले. पुन्हा जा.’’ घरच्यांना ही शिक्षा फारशी पसंत नव्हती, हे वेगळे सांगायला नको. आज मी जे बोलणार आहे, ते सारे त्या चौथ्या प्रश्नाविषयी आहे.

निपाणी-बेळगावच्या माणसाला गाण्याचा संस्कार दोन दिशांनी झाला. आमच्या घरी एक जुना रेडिओ होता. त्याच्या पट्टीवर काटा थोडा इकडे नेला की धारवाड लागे. पुढे सांगली केंद्र सुरू झाले आणि काटा जरा तिकडे नेला की सांगली लागू लागली. दोन्हींच्या मध्ये खरखर असे आणि त्या खरखरीत कधीकधी दोन्ही गाणी एकदम ऐकू येत. आई भाकऱ्या थापताना कानडी भक्तिगीत गुणगुणे आणि त्याला जोडून नकळत मराठी भावगीत घेई. आपण भाषा बदलली, हे तिच्या ध्यानातही येत नसे. शब्द बदलत होते, सूर तोच राहत होता. गाण्यातला अर्थ शब्दांत किती आणि शब्दांपलीकडे किती, हा प्रश्न माझ्या मनात तिथेच रुजला असावा.

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार हजार वर्षांपूर्वीच केलेला आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहून काव्याचा आत्मा ध्वनी आहे, असे प्रतिपादन केले. घंटेवर टोला पडल्यानंतर तिचा नाद घुमत राहतो, त्याप्रमाणे शब्दाचा सरळ अर्थ संपल्यावर जो अर्थ मनात घुमतो, तो ध्वनी. शास्त्रकारांचे नेहमीचे उदाहरण आहे : ‘सूर्य मावळला.’ हे वाक्य ऐकून गुराखी गुरे वळवतो, ब्राह्मण संध्येला बसतो, अभिसारिका दाराकडे पाहते आणि चोर कंबर कसतो. वाक्य एकच असले तरी ऐकणारा ज्या अवस्थेत आहे, तसा त्याला अर्थ लागतो. चित्रपटातील छुपा संदेश म्हणतात तो मला याच जातीचा वाटतो. कोणी तो तिजोरीत कुलूप लावून ठेवलेला नसतो. अर्धा अर्थ पडद्यावर असतो आणि अर्धा अंधारात बसलेल्या प्रेक्षकाच्या मनात असतो.

आपल्या भागाला ही विद्या नाटकाने शिकवली. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथला. १८८० साली त्यांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पदांसाठी त्यांनी कीर्तनातल्या, लावणीच्या आणि कानडी चालीही बिनदिक्कत घेतल्या. संगीत नाटकाच्या पाळण्यालाच दोन भाषांच्या दोऱ्या होत्या. पुढे १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आले. वरवर कथा महाभारतातली होती. प्रेक्षकांना मात्र कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत परतंत्र भारतमाता दिसली, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसले. हे ध्वनित सरकारलाही कळले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली.

चित्रपट आला तेव्हा ही परंपरा त्याच्या हाताशी तयार होती. १९२१ सालच्या ‘भक्त विदुर’ या मूकपटात विदुराच्या अंगावर खादी आणि डोक्यावर गांधी टोपी होती. मद्रास व कराची येथे त्यावर बंदी आली. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात कंपनीने शिवचरित्रावर मूकपट काढला. त्याच्या नावातल्या ‘स्वराज्य’ या शब्दाला आक्षेप आला आणि १९३० साली तो ‘उदयकाल’ या नावाने पडद्यावर गेला. संत एकनाथांवरील बोलपटाचे नाव ‘महात्मा’ ठेवले होते. त्यावरही हरकत निघाली आणि १९३५ साली तो ‘धर्मात्मा’ झाला. बालगंधर्व त्यात एकनाथ झाले होते. सोळाव्या शतकातला संत अस्पृश्याच्या घरी जेवतो, हे पाहताना प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहत होते, हे नाव बदलल्याने लपणार नव्हते. एक शब्द खोडला, म्हणून अर्थ खोडला जात नाही.

या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र हिंदी चित्रपटातले आहे, आणि त्यात आपल्या शेजारच्या जिल्ह्याचा कंठ आहे. १९४३ साली बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ आला. ‘चले जाव’ची चळवळ दडपली जात होती, नेते तुरुंगात होते आणि महायुद्ध चालू होते. त्या चित्रपटात रंगमंचावर सादर होणारे एक समूहगीत आहे. परक्यांनी दूर व्हावे, हा देश आमचा आहे, असा त्याचा आशय. गीत कवी प्रदीपांचे, संगीत अनिल विश्वासांचे. त्यात जर्मन आणि जपानी यांची नावे घेऊन इशारा दिलेला आहे. कागदावर पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ते शत्रूविरुद्धचे प्रचारगीत वाटले आणि गीत सुटले. थिएटरातल्या माणसाला ते कोणाला उद्देशून आहे, हे पहिल्याच आवर्तनाला कळले. नंतर सरकारलाही कळले आणि प्रदीपांना काही काळ भूमिगत व्हावे लागले. कलकत्त्याच्या एका थिएटरात तो चित्रपट तीन वर्षांहून अधिक चालला. हे गीत खान मस्ताना यांच्याबरोबर गायल्या त्या अमीरबाई कर्नाटकी, त्या वेळच्या विजापूर जिल्ह्यातील बिळगीच्या. कानडी मुलुखातली एक स्त्री, बंगाली संगीतकाराच्या चालीवर, माळव्यातल्या कवीचे हिंदी शब्द गाते आणि त्यातला न उच्चारलेला इंग्रज साऱ्या देशाला ऐकू येतो! गुरुजींच्या चौथ्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

राजकीय ध्वनी ओळखणे तसे सोपे असते, कारण समोर शत्रू उभा असतो. सामाजिक ध्वनी अधिक खोल असतो, कारण तिथे आरोपी आपणच असतो. प्रभातचे दोन चित्रपट यासाठी पाहावेत.

१९३७ सालचा ‘कुंकू’ ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला पती मानण्याचे नाकारते. शांता आपटे यांनी ही नीरा उभी केली, केशवराव दात्यांनी काकासाहेब. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेच नाही. घरात जे आवाज असतील तेवढेच ऐकू येतात. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, दाराची कडी. ज्या घरात मुलीच्या मनाला कोणी विचारले नाही, त्या घरात तिच्यासाठी व्हायोलिने कोण वाजवणार? संगीतकार केशवराव भोळ्यांनी गाणी दिली, ती पात्रे खरोखर गातील अशाच जागी. मौन हेही संगीत असू शकते, हे मराठी चित्रपटाने इतक्या लवकर ओळखले होते.

दुसरा १९३९ सालचा ‘माणूस’. त्यातली वेश्या मैना झाली होती शांता हुबळीकर, नावावरून आपल्याला कळावे अशी हुबळी भागातली. तिचे अनेक भाषांतून फिरणारे गाणे, ‘कशाला उद्याची बात’, अनंत काणेकरांनी लिहिले आणि मास्तर कृष्णरावांनी बांधले. सरळ अर्थ पाहिला, तर आजचा दिवस मजेत घालवा, उद्याची चिंता सोडा, असा बैठकीचा उपदेश. पण म्हणते कोण? जिला उद्या नाही, ती. भला पोलीस शिपाई तिच्यावर प्रेम करतो, तिला घरी आईकडे नेतो, तरी समाज तिचा मार्ग अडवतो. हे सारे पाहून झाल्यावर तेच गाणे मनात पुन्हा वाजते, आणि गंमत वाटणाऱ्या चालीच्या पोटात किती विषाद होता ते उमगते. गाणे अनेक भाषांत का फिरते, याचाही मी पुष्कळ विचार केला. गिऱ्हाइकांच्या भाषा अनेक असतात, एवढे एक उत्तर आहेच. बाजारात बसवलेल्या बाईचे दुःख कोणत्याही प्रांताला परके नाही, हे दुसरे. हुबळीकरबाईंनी पुढे आपल्या आत्मचरित्रालाही त्या गाण्याचेच नाव दिले.

गाण्याच्या चालीतही माणसाचे चारित्र्य कसे ध्वनित होते, हे १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये दिसते. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा साध्या वारकरी वळणाने गातात. सालोमालो तुकोबांची रचना आपली म्हणून मिरवतो आणि गळ्याची कसरत करून दाखवतो. एकाचे गाणे देवासाठी आणि दुसऱ्याचे टाळ्यांसाठी आहे, हे समजायला संवादाची गरज पडत नाही. याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी एक अभंग लिहिला. तो इतका तुकोबांचा वाटला, की जाणकारांनीही तो गाथेत शोधल्याचे सांगतात. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट जगातील उत्कृष्ट तीनांत गणला गेला. तिथल्या परीक्षकांना मराठी येत नव्हते, हे आपण ध्यानात ठेवावे.

स्वातंत्र्य आले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपला हा भाग एका वेगळ्याच प्रश्नात सापडला. तो प्रश्न आज सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि हे व्यासपीठ त्याच्या निवाड्याचे नव्हे. आपल्या भाषेत शिकण्याचा, आपल्या भाषेत कागद मिळण्याचा हक्क हा प्राणाचा विषय आहे, आणि त्यासाठी या भूमीतल्या माणसांनी काय सोसले ते मी पाहिलेले आहे. पण गाण्यांकडे पाहताना मला आणखी एक गोष्ट दिसते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९५३ साली पु. ल. देशपांडे यांनी ‘गुळाचा गणपती’ काढला. काही काळ ते बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते, हे येथील कित्येक घरांत अभिमानाने सांगितले जाते. त्या चित्रपटातील इंद्रायणीकाठचे ग. दि. माडगूळकरांचे भक्तिगीत गायले गदगच्या भीमसेन जोशींनी. तेच भीमसेन १९६६ साली ‘संध्याराग’ या कानडी चित्रपटासाठी गायले. १९६७ साली ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ हा कानडी चित्रपट आला. कित्तूरच्या राणी चेन्नम्माचा हा शूर साथीदार बेळगाव जिल्ह्यातील संगोळ्ळीचा. इंग्रजांनी त्याला १८३१ साली आपल्या खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी दिले. त्या चित्रपटातील कानडी गीते संगीतकार लक्ष्मण बेर्लेकरांनी लता मंगेशकरांकडून गाऊन घेतली. मराठी घरातली मुलगी कानडी वीराच्या कथेत पहाटेचे गाणे गाते. ते गाणे नंदगडच्या मराठी माणसाने ऐकले असेल, तेव्हा त्याला रायण्णा परका वाटला असेल काय?

१९४१ सालच्या ‘शेजारी’मध्ये शांतारामांनी हीच गोष्ट नटांच्या निवडीतून सांगितली. गावातले दोन म्हातारे मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरण बांधायला आलेला कंत्राटदार त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी फुटलेल्या धरणावर दोघे एकमेकांचा हात धरून प्राण सोडतात. हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर झाले मझहर खान आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. श्रेयनामावली वाचणाऱ्या प्रेक्षकाला अर्धा संदेश तिथेच मिळत होता. शेजाऱ्याशी आपला वाद असू शकतो, तो आपण नेटाने मांडलाही पाहिजे. पण वादाचा फायदा कोण घेतो, याकडे डोळा असावा, एवढे हा चित्रपट सांगतो. आमच्या सीमाभागाला त्याहून उपयोगी पाठ कोणता?

पुढच्या पिढीत या ध्वनीचे ओझे कवींनी पेलले. कोल्हापूरचे जगदीश खेबुडकर तर आपल्याच पेशातले, शाळामास्तर. १९६५ साली भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’साठी त्यांनी लोहाराच्या ऐरणीवर गाणे लिहिले. ते कष्टाची पूजा करते, आणि घणाचा ठोका हाच त्याचा ताल होतो. त्याला चाल दिली होती ‘आनंदघन’ यांनी. हे आनंदघन कोण, हे लोकांना ठाऊक नव्हते. राज्य पुरस्काराच्या समारंभात ते नाव पुकारले गेले तेव्हा लताबाईंचे गुपित उघडे झाले, असे सांगतात. नाव लपवून केलेले काम इतके निर्मळ निघाले, हाही एक संदेशच.

१९७४ चा ‘सामना’ आणि १९७९ चा ‘सिंहासन’ हे डॉ. जब्बार पटेल यांचे चित्रपट आले, तेव्हा ऊसपट्ट्यातील आपल्यासारख्या गावांना त्यातले काहीच नवीन नव्हते. साखरसम्राट हिंदुराव आपण पाहिलेला होता. कोणाचे ओझे कोण वाहतो, हा आरती प्रभूंचा ‘सामना’तला प्रश्न रवींद्र साठे शांतपणे गातात. पडद्यावरचा मास्तर ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ एवढेच विचारत फिरतो. गीतात मारुतीचे नाव नाही, तरी ते त्याचेच गीत आहे. ‘सिंहासन’मध्ये सुरेश भटांची उषःकालाविषयीची रचना येते. आणीबाणी नुकतीच सरली होती. पहाटेची आशा धरून बसलेल्या माणसाची पुन्हा निराशा होते, हे ऐकताना प्रत्येकाने आपापला उषःकाल आठवला.

येथवर मी ज्या गीतांविषयी बोललो, त्यांचा न बोललेला अर्थ माणसाला मोठा करणारा होता. पण ध्वनी नेहमीच सज्जन असतो, असे मानण्याचे कारण नाही. गोड चालीतून विषही उतरते. १९९१ साली ‘माहेरची साडी’ला गावोगावच्या बाया गाड्या करून गेल्या, डोळे पुसत परतल्या. त्यांचे अश्रू खरे होते, कारण त्यांचे सोसणे खरे होते. तंबाखूच्या वखारीत आणि बिडीच्या सुपापुढे दिवस घालवणाऱ्या बाईला तीन तास मोकळेपणी रडता आले, ही साधी गोष्ट नव्हे. तरीही चौथा प्रश्न विचारला पाहिजे. त्या सोसणाऱ्या सुनेची गाणी आपल्याला काय शिकवून गेली? सोसणे हाच स्त्रीचा दागिना, आणि तिच्या मरणानंतर घराला पश्चात्ताप झाला की हिशेब मिटला? ‘कुंकू’मधली नीरा १९३७ साली ‘नाही’ म्हणाली होती. चोपन्न वर्षांनी आपण कोणत्या दिशेने चाललो होतो?

इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. ती मी आजवर कोणत्या व्यासपीठावर सांगितलेली नाही.

फार वर्षांपूर्वी मी एका गावच्या शाळेत शिक्षक होतो. स्नेहसंमेलन होते. मुलांनी एका विनोदी सिनेमागीतावर नाच बसवला होता. त्यात एक मुलगा लुगडे नेसून, डोक्यावर जग घेऊन जोगतीण झाला होता. चाल ठेक्याची, शब्द चावट. मीच तो कार्यक्रम मंजूर केला होता. मंडप हसत होता, मीही हसलो. माझ्या वर्गातली एक मुलगी मध्येच उठून गेली, ते मी पाहिले. पोटात दुखत असेल असे समजलो. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली, तोंडाने काही बोलेना. मधल्या सुट्टीत मी विचारले, तेव्हा खाली पाहत म्हणाली, ‘‘सर, तुम्हीपण हसलात.’’ तिच्या आईच्या गळ्यात यल्लम्माचे दर्शन होते. म्हणजे मोत्यांची ती माळ, जी बांधली की मुलगी देवाला वाहिली गेली असे समजतात. मला ते ठाऊक होते. गावात कोणाला ठाऊक नव्हते? पण गाणे सुरू झाले आणि मला ते आठवले नाही.

मित्रहो, त्या गाण्याने मला फसवले असे मी म्हणू शकत नाही. गाणे कोण म्हणते, कोणाला उद्देशून म्हणते, हे प्रश्न मला गुरुजींनी शिकवले होते. ते मी विचारले नाहीत, एवढेच. जिच्यावर आपण हसतो आहोत, ती समोरच्या रांगेत बसलेली असू शकते, हा त्या गाण्याचा न बोललेला बोल होता, आणि तो मंडपात फक्त एका मुलीला ऐकू आला.

सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे. देवदासी प्रथेला बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ चा. तरी माळेचे ओझे एका कायद्याने उतरले नाही. गडहिंग्लज परिसरातून आलेले कादंबरीकार राजन गवस यांनी ‘चौंडकं’मध्ये या बायांचे आणि जोगत्यांचे जगणे लिहिले. त्यांच्या लेखनावर आणि चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेवर आधारलेला राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ २००९ साली पडद्यावर आला. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला आहे. मी तो पाहताना फार अस्वस्थ होतो, त्याचे कारण आता आपल्याला कळेल.

त्या चित्रपटात अजय-अतुल यांनी दोन प्रकारचे संगीत ठेवले आहे. एकात भंडाऱ्याने भरलेली जत्रा आहे, चौंडक्याचा आणि हलगीचा कल्लोळ आहे. तो नाद इतका भारावणारा, की पाहणाऱ्याचेही पाय हलावेत. पण त्या कल्लोळात एका मुलीचे आणि एका तरुणाचे आयुष्य त्यांना न विचारता देवाच्या नावाने लिहून दिले जाते. आपल्यालाही ते संगीत आवडले, म्हणजे आपणही त्या जत्रेतले झालो. मग येते हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनी गायलेले युगुलगीत. ते हलक्या सुरांत, जवळजवळ चोरून गायलेले आहे. जोगती आणि जोगतीण यांनी एकमेकांवर प्रेम करायचे नसते, तो अधिकार त्यांच्याकडून काढून घेतलेला असतो. इतर चित्रपटांत ते साधे प्रेमगीत झाले असते, इथे ते बंड आहे. संगीतासाठी आणि दोन्ही गायकांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. माझ्या लेखी त्याचे महत्त्व वेगळे आहे. ज्या जगाला विनोदी गीतांनी हसण्यावारी नेले होते, त्याला या गीताने मन दिले. त्या मंडपातून उठून गेलेल्या मुलीने हा चित्रपट पाहिला असेल का, हे मला ठाऊक नाही. पाहिला असावा, अशी माझी इच्छा आहे.

आणखी एकाच चित्रपटाचा उल्लेख करतो. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. त्याच्या गाण्यांवर खेडोपाडीची लग्ने आणि मिरवणुका नाचल्या. अजय-अतुल यांनी त्यासाठी अमेरिकेत जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याच्या रानातले दोन तरुण जीव पाहताना सारी दुनियाच वाजत असल्यासारखी वाटते. पण शेवट आठवा. रक्ताने भिजलेल्या पावलांनी ते लहानगे बाहेर येते, रडते, आणि आवाज नाही. ज्या दिग्दर्शकाने आपल्याला इतके नाचवले, त्याने शेवटी सूर काढून घेतला. ‘कुंकू’तले मौन एकोणऐंशी वर्षांनी परत आले, आणि या खेपेस ते प्रश्न विचारत होते : नाचलात ना? मग हे कोणी केले? पुढच्या वर्षी त्याच चाली घेऊन ‘मनसु मल्लिगे’ हा कानडी चित्रपट निघाला, त्यात नायिकाही तीच होती. जातीचे दुखणे काय किंवा त्यावरचे गाणे काय, त्याला सीमा कळत नाही.

समारोप करतो. विद्यार्थिमित्रहो, आता गाणे तुमच्या खिशात आले आहे. आम्ही एका गाण्यासाठी आठवडाभर रेडिओपाशी बसत होतो, तुम्हाला दिवसाला शंभर ऐकता येतात. यात वाईट काही नाही. माझी विनंती एवढीच आहे, की त्या शंभरांपैकी एका गाण्याला रोज गुरुजींचे चार प्रश्न विचारा. विशेषतः ज्या गाण्यावर सारे हसत असतील, त्याला आधी विचारा. आणि हसण्यापूर्वी एकदा आजूबाजूला पाहा, कोणी उठून तर जात नाही ना. कानडी गाणे कानावर आले तर काटा फिरवू नका, जरा ऐका. आपल्या भाषेचा आग्रह धरणाऱ्याने दुसऱ्याची भाषा ऐकून घेण्यात काही गमावत नाही. इथल्या आयांनी ते कधीचेच ओळखले होते.

माजी विद्यार्थ्यांना मी काय सांगणार? त्यांच्यापैकी अनेकांनी गुरुजींच्या वर्गात तो चौथा प्रश्न स्वतः ऐकला आहे. आज घरी गेल्यावर आपल्या आवडीचे एक जुने गाणे लावावे आणि स्वतःला तो विचारून पाहावा. उत्तर आले नाही, तर गुरुजींची शिक्षा ठरलेलीच आहे : पुन्हा ऐकावे.